आपलेच फोटो दुसऱ्याच्या जाहिरातीत, परत परत: भांडायच्या आधी फाईलचं नाव बघा

मंडळी, दापोली असो, गुहागर असो की मालवण, जागा विकून देणाऱ्या एजंटला हा ताप वर्षातनं तीनचार वेळा होतोच. आपण गडगे ओलांडून, वाडीतली कुत्री चुकवून, उन्हाची तिरीप ओटीवर येईपर्यंत थांबून घराचे फोटो काढतो, जागांच्या जाहिरातींच्या पोर्टलवर टाकतो, आणि पंधरा दिवसात तेच घर, तीच पडवी, दुसऱ्याच कोणाच्या नंबरखाली दिसायला लागते, वर किंमत पाच लाखांनी चढवलेली. रिपोर्ट मारला की जाहिरात जाते, आठवड्यानी तिसरीकडे उगवते. दोन वर्षं मी हेच करत होतो, मग एकदा असा तोंडावर आपटलो की आता आधी तपासणी आणि मग तक्रार.

कसा आपटलो ते सांगतो. हर्णैच्या अलीकडच्या एका गावातलं चिरेबंदी कौलारू घर, मागे पोफळी आणि नारळाची बाग, मालकीण काकू एकट्या राहणाऱ्या. लिस्टिंग माझी. बारातेरा फोटो टाकलेले, आणि त्यातला बागेच्या बाजूने काढलेला एक इतका भारी होता की फोन यायचे ते त्या एका फोटोमुळेच. तो उचलला मुंबईच्या एका एजंटने. मी तडक पोर्टलला मेल, त्याला व्हॉट्सॲपवर लांबलचक मेसेज, माझा कॉपीराईट आहे, पोलिसात जाईन, वगैरे वगैरे. तो म्हणतो फोटो माझाच, गेल्या दिवाळीत आलो होतो तेव्हा मीच काढलाय. म्हटलं काय थापा मारतोय, आणि फोटो मोठा करून बघायला लागलो, तर मागे पोफळीची अख्खी रांग सरळ उभी. आता आमच्याकडे कुणालाही विचारा, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा या पट्ट्यातल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या, काकूंच्या बागेत तर दहा पण उरल्या नव्हत्या. म्हणजे तो गेल्या दिवाळीत काढूच शकत नाही! खूश झालो. आणि मग डोक्यात उजेड पडला की मी स्वतः त्या घरी पहिल्यांदा गेलो ते २०२१ मध्ये. मग मी तरी कसा काढला?

फाईल उघडली. नावात आयएमजी, पुढे तारीख, पुढे डब्ल्यूए आणि चार आकडे. म्हणजे व्हॉट्सॲपवरनं आलेली. काकूंनी पाठवलेली, आणि काकूंना पाठवलेली डोंबिवलीच्या पुतण्याने, जो २०१९ च्या गणपतीत कॅमेरा घेऊन आला होता. माझ्या फोल्डरमध्ये माझ्या फोटोंबरोबर पडून पडून मलाच तो माझा वाटायला लागला होता. तेवढ्यात त्या एजंटच्या वकिलाचं पत्र आलं, त्यात कॉपीराईट कायद्याचं कलम ६०, म्हणजे हक्क नसताना कारवाईची धमकी दिली तर समोरचाच उलट कोर्टात जाऊ शकतो. त्याचाही नव्हता फोटो, पण माझाही नव्हता ना.

तर पहिली तपासणी फाईलचं नाव. अँड्रॉइडवर डब्ल्यूए असेल तर बहुतेक वेळा तो तुमच्या कॅमेऱ्यातनं आलेला नाही, कुणीतरी पाठवलेला आहे. मग फोटोचे डिटेल्स बघा, ज्याला एक्झिफ म्हणतात, त्यात कॅमेऱ्याचं मॉडेल, तारीख, वेळ असते. व्हॉट्सॲपवरनं साधा फोटो म्हणून पाठवला की ही माहिती उडते आणि फोटोही बारीक होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर दोन्ही टिकतं. ज्याच्याकडे मोठी, डिटेल्ससकट मूळ फाईल आहे त्याचं पारडं जड. आणि त्याहून भारी पुरावा म्हणजे त्याच्या आधीचा आणि नंतरचा फोटो, म्हणजे आपण एका जागेवर उभं राहून पाचसहा क्लिक करतो त्यातले जे कधीच कुठे टाकले नाहीत ते. चोराकडे एकच असतो, काढणाऱ्याकडे अख्खी माळ असते. म्हणून मी आता वाईट आलेले पण डिलीट करत नाही, काकूंची मांजर मध्ये आलेला फोटोसुद्धा ठेवतो.

दुसरी तपासणी, फोटो नक्की मालकीचा कुणाच्या. इथे बहुतेकांची गाडी अडते कारण प्रत्येकाला वाटतं आपल्याच. घरमालक म्हणतो घर माझं म्हणजे फोटो माझा, एजंट म्हणतो लिस्टिंग माझी, फोटोग्राफर म्हणतो क्लिक मी केलं, आणि पोर्टलने तर स्वतःचा शिक्काच मारलेला असतो. १९५७ चा कॉपीराईट कायदा यावर बऱ्यापैकी सरळ बोलतो. फोटो ज्याने काढला तो त्याचा कर्ता आणि साधारणपणे पहिला मालकही तोच, कुठे रजिस्ट्रेशन करायची गरज नाही, काढला त्या क्षणी हक्क जन्माला येतो. पण कलम १७ मध्ये दोन मोठे अपवाद आहेत आणि आपल्या धंद्यातली निम्मी भांडणं त्या दोनात बसतात. एक, मोबदला देऊन कुणी सांगून काढून घेतला असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पैसे देणारा पहिला मालक. दोन, पगारी माणसाने नोकरीचं काम म्हणून काढला असेल आणि वेगळं ठरलं नसेल, तर मालक म्हणजे नोकरी देणारा.

आता हे आपल्या गावात लावून बघा. काकूंनी चिपळूणचा फोटोग्राफर पैसे देऊन आणला, काही लिहून घेतलं नाही, तर फोटो काकूंचे. एजंटने पैसे दिले तर एजंटचे. तुमच्या ऑफिसातल्या पगारी पोराने ड्युटीवर काढले तर तुमचे, पण तुमच्या भाच्याने सुट्टीत आलाय म्हणून फुकट काढून दिले तर भाच्याचे, आणि तुम्ही गृहीत धरलेलं असतं की घरचाच आहे. ड्रोनवाल्याचं पण तसंच, बिल ज्याच्या नावावर त्याच्याकडे हक्क, फक्त त्याच्या कोटेशनच्या खाली बारीक अक्षरात फुटेज आमचं राहील असं लिहिलंय का ते बघून घ्या, कारण तसं मान्य केलं असेल तर गणित फिरतं. आणि खरी कोकणी गोची म्हणजे मोबदला पैशातच असतो असं नाही. होमस्टेवाले फोटोग्राफरला म्हणतात दोन रात्री रहा, सुरमई खा, जाताना आंब्याची पेटी घेऊन जा आणि फोटो तेवढे काढून दे. हा मोबदला की पाहुणचार? दोघं आपापल्या सोयीने वेगवेगळं सांगणार, म्हणून तिथे तरी दोन ओळी लिहून घ्याच.

घरमालकांसाठी एक कडू गोळी. घर तुमचं असलं तरी दुसऱ्याने काढलेला फोटो त्यामुळे तुमचा होत नाही. इमारतीचा फोटो काढणं हा तिच्या डिझाईनच्या कॉपीराईटचाही भंग नाही, कलम ५२ मध्येच तशी सूट आहे. न विचारता खळ्यात घुसून काढले तर ते घुसखोरीचं भांडण आहे, कॉपीराईटचं नाही. हे सांगायचं कारण, सामायिक घरात हे हत्यार फार वापरलं जातं. सातबारावर चौदा नावं, तीन भाऊ विकायला तयार, बोरिवलीचा चौथा नाराज, तो पोर्टलला मेल करतो की आमच्या घराचे फोटो परवानगीशिवाय टाकलेत, कॉपीराईट आहे. नसतो ओ. त्याचा हिस्सा आहे, त्याच्या सहीशिवाय त्याचा हिस्सा विकला जाणार नाही, ते सगळं खरं, पण त्यासाठी फोटोचा आधार घेऊन उपयोग नाही आणि एजंटनेही अशा मेलला घाबरून फोटो उतरवायची गरज नाही. मात्र असा मेल आला तर आधी मालकीचे कागद परत एकदा नीट बघून घ्या, कारण फोटोचा मुद्दा खोटा असला तरी त्यामागचं भांडण खरं असतं.

पोर्टलच्या शिक्क्याबद्दल. आपण अपलोड करतो तेव्हा ज्या अटींना न वाचता टिक करतो त्यात पोर्टलला फोटो वापरायची बरीच मोकळी परवानगी दिलेली असते, पण परवानगी म्हणजे मालकी नाही. शिक्का मारल्याने मालकी जात नाही आणि मिळतही नाही, तुमच्या स्वतःच्या लोगोलाही हेच लागू. मी काकूंच्या पुतण्याच्या फोटोवर माझा लोगो मारला होता, त्याने काय तो माझा झाला? उलट दुसऱ्याचं नाव जाणूनबुजून पुसलं किंवा बदललं तर त्याला वेगळी शिक्षा आहे, कॉपीराईट कायद्याचं कलम ६५ ब, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हे आणि पुराव्याच्या जुन्या कायद्यातलं, डिजिटल पुराव्याच्या प्रमाणपत्राचं ६५ ब वेगळं बरं का, मी वकिलांसमोर दोनदा गोंधळ घातलाय.

जागा विकली गेल्यावर पण फोटो पोर्टलवर लोळत राहतात, त्याचं काय हा प्रश्न नेहमी येतो. अमेरिकेत याच्यावरनं मोठी केस झाली, व्हीएचटी नावाच्या फोटो स्टुडिओने झिलो पोर्टलला कोर्टात खेचलं. घराचे फोटो विक्रीच्या जाहिरातीसाठी दिले होते, आणि झिलोने त्यातले कितीतरी फोटो घराच्या सजावटीच्या कल्पना दाखवणाऱ्या वेगळ्या विभागात वापरले. २०१७ मध्ये ज्यूरीने स्टुडिओच्या बाजूने निकाल दिला, पुढे अपिलात त्यातला बराच भाग कमी झाला. तिकडचा कायदा वेगळा, पण मुद्दा आपल्याला उपयोगी आहे की परवानगी कशासाठी दिली ते लिहिलेलं नसलं की मग वर्षानुवर्षं वाद. आपल्याकडे मालकी लिहून द्यायची तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीसकट लागते, व्हॉट्सॲपवरच्या अंगठ्याने होत नाही. त्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरती धरतात. नुसती वापरायची परवानगी असेल तर ती पण लेखीच हवी, पण स्वच्छ शब्दात मेसेज असला तरी आपलं काम बरंच सोपं होतं. मी आता फोटो घेताना मालकाला किंवा ज्याने काढलाय त्याला हा मेसेज पाठवतो आणि उत्तर आल्याशिवाय फोटो टाकत नाही:

"नमस्कार, तुम्ही आज पाठवलेले ७ फोटो तुम्ही स्वतः काढलेले आहेत ना? ते फक्त या घराच्या विक्रीच्या जाहिरातीसाठी, घर विकेपर्यंत किंवा तुम्ही नको म्हणेपर्यंत मी वापरू का? दुसऱ्या एजंटने वापरले तर तुमच्या वतीने तक्रार करू का? हो असेल तर पूर्ण वाक्यात लिहून पाठवा."

लोक हसतात, काकू म्हणाल्या काय रे कोर्टात उभी करतोयस की काय. पण शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण तक्रार ज्याचा हक्क आहे त्याच्याकडनं किंवा त्याच्या सांगण्यावरनं गेली तरच टिकते.

आता तिसरं, गळती कुठून होते. मी माझ्यापुरतं शोधलं तर बहुतेक फोटो पोर्टलवरनं नाही, एजंटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधनं जातात. पार्टी आहे, फोटो टाक, म्हणतो एकजण, आपण वीस फोटो ढकलून देतो, तो पुढच्याला, पुढचा त्याच्या पुढच्याला, आणि चौथा माणूस, ज्याने दापोली नकाशावर पण बघितलेली नाही, तो जाहिरात करतो. त्याला चोरी करतोय असं वाटत पण नाही. म्हणून मी आता ग्रुपवर फक्त तीन फोटो टाकतो, बारीक करून, आणि प्रत्येक ग्रुपसाठी थोडा वेगळा कापून, म्हणजे एकीकडे तुळशीवृंदावन पूर्ण, दुसरीकडे अर्धं, तिसरीकडे नाहीच. चोरीचा फोटो सापडला की कुठल्या ग्रुपमधनं गेला ते कळतं. नाव पण आभाळाच्या कोपऱ्यात टाकू नका, तिथनं कापायला दोन सेकंद लागतात, जांभ्याच्या भिंतीवर मधोमध फिकट टाका. घर थोडं कुरूप दिसतं, दिसू दे.

सापडल्यावर काय करायचं. गुगल लेन्सवर फोटो टाकून कुठे कुठे आहे ते बघा, महिन्यातनं एकदा पुरे. मग फोन करायच्या आधी पुरावा. पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट, लिंक दिसेल असा, तारीख वेळ दिसेल असा, जमलं तर स्क्रीन रेकॉर्डिंग. पुढे कोर्टात लागलं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, म्हणजे हा डिजिटल पुरावा कुठल्या फोनवरनं कसा काढला ते सांगणारं, जोडावं लागतं, म्हणून ज्या फोनवरनं काढलं तो फोन विकून टाकू नका. आधी पुरावा का, तर फोन केल्यावर समोरचा पाच मिनिटात डिलीट करतो आणि मग म्हणतो, कुठे काय?

त्यानंतर साधा फोन. खरंच सांगतो, दहातले सात फोनवरच संपतात. नाही संपलं तर पोर्टलचा तक्रार अधिकारी, ज्याचं नाव आणि मेल साईटवर द्यावंच लागतं, आणि २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे २४ तासात पोच द्यावी लागते. नुसता रिपोर्ट बटण दाबलं तर ते मशीनकडे जातं, म्हणून मेल करा. मेलमध्ये फोटो कुठला, हक्क तुमचा कसा, चोरीची लिंक कुठली, तुमची मूळ लिंक कुठली आणि कधीची. चिडचीड लिहू नका. मी पहिल्या मेलमध्ये दोन पानं माझ्या मेहनतीबद्दल लिहिलं होतं आणि लिंकच द्यायची विसरलो होतो.

त्याच्या वरची पायरी म्हणजे कॉपीराईट कायद्याच्या कलम ५२ च्या १ क खालची आणि कॉपीराईट नियम २०१३ मधल्या नियम ७५ ची लेखी नोटीस. नीट नोटीस असेल तर दुसऱ्यांनी टाकलेला मजकूर ठेवणाऱ्याला, म्हणजे पोर्टलला, ३६ तासात ती गोष्ट लोकांपासून बंद करावी लागते. ऐकायला मस्त, पण गोम अशी की नोटिशीतच लिहून द्यावं लागतं की मी कोर्टात दावा करीन आणि २१ दिवसात आदेश आणून दाखवीन. आदेश नाही आला तर ते परत चालू करू शकतात. पंधरा गुंठ्याच्या जाहिरातीतल्या फोटोसाठी कोण जाणार कोर्टात? पण जायचंच असेल तर मुंबईला खेटे घालायची गरज नाही, कलम ६२ प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. फौजदारीत कॉपीराईट कायद्याच्याच कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख दंड आहे, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने निट प्रो केसमध्ये हा गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र आहे असं सांगितलंय. माझं मत विचाराल तर एकमेकांच्या धंद्यातल्या माणसांवर हे काढू नये, शेवटी पुढच्या महिन्यात त्याच्याकडचीच पार्टी आपल्याकडे येते.

आणि हे पण प्रामाणिकपणे स्वतःला विचारा की दुखतंय नक्की काय. बहुतेक एजंटांना कॉपीराईट नको असतो, कमिशन हवं असतं, पार्टी दुसरीकडे गेली ते सलत असतं. कॉपीराईट फोटोवर असतो, घराच्या माहितीवर नाही. समोरच्याने तुमचे फोटो उतरवून स्वतः जाऊन नवीन काढले तर त्याची जाहिरात तशीच राहणार आणि तुम्ही काही करू शकत नाही. त्याच्यासाठी मालकाकडनं ठराविक महिने फक्त आपणच हे घर विकू असं पत्र घ्यायचं, फोटोवर भांडून ते मिळत नाही.

एक प्रकार मात्र पूर्ण वेगळा आणि तिथे वेळ घालवू नका. तुमच्या होमस्टेचे किंवा प्लॉटचे फोटो टाकून कुणी ॲडव्हान्स उकळत असेल तर ती फसवणूक आहे, फोटो कुणाचा हा प्रश्न दुय्यम. ज्याचे पैसे गेले त्याला लगेच १९३० ला फोन करायला सांगा, सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करा, आणि आपल्या पानावर आपला खरा नंबर ठळक टाका. मे महिन्यात आणि थर्टी फर्स्टला अशी माणसं थेट बॅगा घेऊन दारात उभी राहतात, आणि त्यांना वाटतं आपणच फसवलं.

तर काकूंच्या फोटोचं पुढे काय झालं. मी पुतण्याला फोन केला, सगळं सांगितलं, लाज वाटत होती. तो म्हणाला दादा तुम्ही वापरा, पण खाली माझं नाव टाका आणि त्या माणसाला काढायला सांगा. त्याने लेखी मेसेज पाठवला, मूळ फाईल पाठवली, आधीनंतरचे नऊ फोटो पाठवले, त्यातल्या एकात काकू हात आडवा करून फोटो नको म्हणतायत. त्याच्या नावाने मेल गेला आणि तीन दिवसात जाहिरात उतरली. मग मी माझ्या लिस्टिंगवरनं पण तो फोटो काढला, कारण त्या पोफळी आता नाहीत आणि घ्यायला येणारा माणूस मागे गेला की पहिलं तेच विचारतो. नवीन फोटो पाऊस उघडला की काढायचेत, तोपर्यंत कौलांवर ताडपत्री आहे.